ऑस्लोचं पदक आणि मुंबईची गोळी: एका पुरस्काराचा प्रकरण अभ्यास

एखाद्या सेवाभावी संस्थेचा देणगीसाठीचा अर्ज समोर आला की माझी नजर आधी ‘मिळालेले पुरस्कार व सन्मान’ या रकान्याकडे जाते. गेली काही वर्षं मी एका छोट्या विश्वस्त निधीच्या निवड समितीवर आहे. अर्ज ढीगभर येतात, वेळ थोडा असतो, आणि प्रत्येक संस्थेच्या गावी जाऊन काम बघून येणं जमतंच असं नाही. अशा वेळी कुणीतरी जाणत्या माणसांनी हे काम आधी पारखलंय, एवढा दिलासा तो रकाना देतो. पण पुरस्कार मिळाल्यानंतर संस्थेनं काय केलं, हे त्यात कधी लिहिलेलं नसतं. आम्हीही विचारत नव्हतो.

हा प्रश्न मला नीट कळला तो एका संस्थेचा इतिहास वाचताना. तिचं फ्रेंच नाव ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’. जगभर तिला एमएसएफ किंवा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणतात, म्हणजे देशांच्या सीमा न मानणारे डॉक्टर. १९९९ चं शांततेचं नोबेल या संस्थेला मिळालं. पण मला त्या पदकापेक्षा त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं महत्त्वाची वाटतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

आधी पार्श्वभूमी

१९६७ ते १९७० या काळात नायजेरियात यादवी युद्ध झालं. बियाफ्रा हा प्रांत फुटून निघू पाहत होता, त्याची नाकेबंदी झाली आणि पोरंबाळं भुकेनं मरू लागली. फ्रेंच रेडक्रॉसतर्फे तिथं गेलेल्या काही तरुण डॉक्टरांची घुसमट झाली. डोळ्यांसमोर जे चाललं होतं त्याबद्दल जाहीर बोलायचं नाही, हा रेडक्रॉसचा दंडक होता. त्या दंडकाला कारण होतं. बोललात तर सरकार हाकलून देईल आणि मग उपचार करायलाही कुणी उरणार नाही. पण बेर्नार कुशनेर आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना ते गप्प बसणं सोसवेना.

१९७० च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात लाखो माणसं नेली. पॅरिसमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या पत्रकारांनी आपत्तीत धावून जाणाऱ्या डॉक्टरांची फळी उभारायचं आवाहन केलं. हे दोन गट एकत्र आले आणि डिसेंबर १९७१ मध्ये संस्था स्थापन झाली. ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करून आठवडाही झाला नव्हता.

फ्रेंचमध्ये त्यांच्या कामाचे दोन शब्द यमकासारखे जुळतात. आपल्या भाषेत ते होतील उपचार आणि साक्ष. जखम बांधायची, आणि ती कशी झाली हेही जगाला सांगायचं. या दुसऱ्या शब्दाची किंमत त्यांनी वेळोवेळी मोजली. इथिओपियातल्या दुष्काळात सरकार मदतीच्या आडून लोकांना सक्तीनं दुसरीकडे हलवत होतं. ते बोलून दाखवल्यावर १९८५ मध्ये एमएसएफच्या फ्रेंच शाखेला देश सोडावा लागला. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार चालू असताना, डॉक्टर पाठवून वंशसंहार थांबत नाही, असं त्यांनी उघड सांगितलं आणि लष्करी हस्तक्षेपाची मागणी केली. मदतकार्य करणाऱ्या संस्थेनं सैन्य पाठवा म्हणणं हे अघटितच होतं.

नोबेलच्या आधीही सन्मान झाले होते. निर्वासितांसाठीच्या कामाबद्दल १९९३ मध्ये नान्सेन पदक मिळालं. १९९६ मध्ये सोल शांतता पुरस्कार, आणि त्याच वर्षीचा आपल्याकडचा शांतता, निःशस्त्रीकरण व विकासासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार. १९९८ मध्ये अमेरिकेतला हिल्टन मानवतावादी पुरस्कार. नोबेल समितीच्या कितीतरी आधी दिल्लीनं या संस्थेची दखल घेतली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

ऑस्लोतला दिवस

१५ ऑक्टोबर १९९९ ला नोबेलची घोषणा झाली. समितीनं कारण देताना दोन गोष्टी जोडून सांगितल्या. आपत्ती निसर्गाची असो वा माणसानं घडवलेली, त्यातल्या प्रत्येकाला तातडीच्या मदतीचा हक्क आहे हे तत्त्व संस्थेनं पाळलं. आणि मदत करता करता त्या संकटामागची कारणंही तिनं लोकांपुढे आणली. ज्या साक्षीपायी संस्थेला देश सोडावा लागला होता, तिचाच आता गौरव होत होता.

घोषणेनंतर संस्थेत आनंदाबरोबर धाकधूकही असणार. अठ्ठावीस वर्षं सत्तेपुढे उभं राहून बोलणारी माणसं आता सत्तेच्या पंगतीत बसायला चालली होती. कुशनेर वीस वर्षांपूर्वीच मतभेद होऊन बाहेर पडला होता आणि त्या वेळी कोसोव्होत संयुक्त राष्ट्रांचा प्रशासक होता. पुरस्कार कुणाचा, संस्थापकांचा की आज तंबूत काम करणाऱ्यांचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिलाच. १० डिसेंबरला ऑस्लोच्या नगरसभागृहात भाषण केलं ते तेव्हाचे अध्यक्ष जेम्स ऑर्बिन्स्की यांनी. हे कॅनडाचे डॉक्टर रवांडातल्या संहाराच्या दिवसांत तिथल्या राजधानीत, किगालीत होते.

ते भाषण मी दोन-तीनदा वाचलंय. आभाराच्या भाषणाची सुरुवात कशी असते हे आपण जाणतो. ऑर्बिन्स्कींनी आधी रशियातल्या चेचन्या प्रांताचा विषय काढला. त्या दिवसांत रशियन फौजा तिथल्या ग्रोझनी शहरावर बॉम्ब टाकत होत्या आणि रशियाचे राजदूत समोर श्रोत्यांत बसले होते. त्यांना उद्देशून, आणि त्यांच्यामार्फत अध्यक्ष येल्त्सिन यांना उद्देशून, निःशस्त्र नागरिकांवरचा बॉम्बवर्षाव थांबवा, अशी विनंती त्यांनी त्या व्यासपीठावरून केली. संस्थेच्या मंडळींनी सभागृहात ग्रोझनीबद्दलचा मजकूर लिहिलेले टी-शर्ट घातले होते. बाकी सगळीकडे सूट-बूट आणि राजघराणं.

पुढे त्यांनी किगालीतल्या एका बाईची आठवण सांगितली. तिच्या सबंध अंगावर कोयत्याचे वार होते. जखमी इतके होते की कुणा एकापाशी थांबणं डॉक्टरांना परवडत नव्हतं. ते कसेबसे टाके घालून रक्त थांबवत होते, आणि आपल्यामुळे त्यांचा खोळंबा होतोय हे त्या बाईच्या लक्षात आलं. तिनंच त्यांना सांगितलं, जा, दुसऱ्यांकडे जा, धीर धर गड्या. रवांडाच्या भाषेतला तो धीराचा शब्द ऑस्लोच्या सभागृहात उच्चारला गेला.

त्याच भाषणातलं एक वाक्य आज जगभर उद्धृत होतं. त्याचा आशय असा: शब्दांनी दरवेळी जीव वाचतीलच याची आम्हाला खात्री नाही, पण गप्प राहिल्यानं जीव जातात हे आम्हाला ठाऊक आहे. वाक्य गाजलं. माझ्या मते त्या भाषणाचा कणा मात्र शेवटाकडच्या काही परिच्छेदांत आहे, जिथं ते औषधांवर येतात. गरिबांच्या रोगांवरची औषधं एकतर परवडत नाहीत, नाहीतर कुणी बनवतच नाही, आणि नव्या औषधांवर संशोधन जवळपास थांबलंय, असं त्यांनी सांगितलं. बाजारानं इथं हात टेकलेत आणि आमची पुढची लढाई हीच आहे, असा त्याचा अर्थ होता.

रकमेचं काय झालं

त्या वर्षी नोबेलची रक्कम होती ७९ लाख स्वीडिश क्रोनर. डझनावारी देशांत काम करणाऱ्या संस्थेला ही रक्कम मोठी नव्हती. चार-सहा महिन्यांत कुठल्या तरी छावणीत ती सहज खर्चून गेली असती आणि कुणी नावं ठेवली नसती. संस्थेनं ती दुर्लक्षित रोगांसाठी बाजूला काढली. औषधं परवडावीत म्हणून तिनं त्याच वर्षी मोहीमही सुरू केली होती.

हा निर्णय इतका मोलाचा का, ते कळायला निद्रारोगाचं उदाहरण घ्यावं लागेल. आफ्रिकेत त्सेत्से माशी चावल्यानं हा रोग होतो. परजीवी आधी रक्तात आणि मग मेंदूत शिरतो, माणसाची झोप-जाग उलटीपालटी होते, भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास बहुधा मरण येतं. रोग मेंदूत पोचल्यावर त्या काळी हाताशी असलेलं औषध होतं मेलार्सोप्रॉल. ते सोमलापासून, म्हणजे आर्सेनिकपासून केलेलं. ज्या द्रवात ते विरघळवतात तो प्लॅस्टिकला खातो, म्हणून काचेची सिरिंज घ्यावी लागायची. शिरेतून जाताना विस्तव गेल्यासारखं वाटतं, असं रुग्ण सांगायचे. शंभरातले पाचेक रुग्ण रोगानं नाही, त्या औषधानंच दगावायचे. एका तरुण डॉक्टरनं समोरच्या माणसाला हे इंजेक्शन द्यायचं, वीसात एक या इंजेक्शननंच जाईल हे ठाऊक असताना.

त्याहून बरं औषध नव्हतं असंही नाही. एफ्लॉर्निथीन होतं. पण घेणारे गरीब, त्यामुळे कंपनीनं १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचं उत्पादन थांबवलं. मग २००० साली अमेरिकेत तेच रसायन बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणाऱ्या क्रीममध्ये विक्रीला आलं. चेहऱ्याच्या क्रीमसाठी कारखाना चालतो आणि मरणाऱ्या माणसासाठी चालत नाही, हे एमएसएफनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्यांसमोर मांडलं. २००१ मध्ये कंपनीनं औषध पुन्हा बनवून मोफत पुरवण्याचा करार केला. इथं नोबेल कामी आलं असं मला वाटतं. हीच तक्रार एखाद्या अनोळखी दवाखान्यानं केली असती तर ती कंपनीच्या टपालात पडून राहिली असती.

त्याच सुमारास एक मोजणी प्रसिद्ध झाली. १९७५ ते १९९९ या काळात जगात १,३९३ नवी औषधं बाजारात आली. त्यांतली उष्ण कटिबंधातल्या रोगांसाठी आणि टीबीसाठी मिळून किती? १६.

कंपन्यांकडे मागण्या करून हे भागणार नाही, आपणच औषधं शोधली पाहिजेत, या विचारातून २००३ मध्ये डीएनडीआय नावाची संशोधन संस्था उभी राहिली. एमएसएफबरोबर तिच्या स्थापनेत ब्राझील, केनिया, मलेशिया, फ्रान्स इथल्या संस्था होत्या आणि आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही होती. या मंडळींनी जुनी, अर्धवट सोडून दिलेली संयुगं धुंडाळली. त्यात फेक्सिनिडाझोल सापडलं. एका जर्मन कंपनीनं ते कधीकाळी बाजूला टाकलं होतं. पुढे त्या कंपनीची वारस असलेल्या सनोफीलाच सोबत घेऊन काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात चाचण्या झाल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात युरोपीय औषध नियामकानं अनुकूल मत दिलं.

आता उपचार कसा बदलला ते बघा. आधी ते सोमल. मग एफ्लॉर्निथीन, त्याची १४ दिवसांत ५६ सलाइनं, म्हणजे त्या बाटल्या वाहून न्यायलाच गाडी हवी. २००९ पासून त्याला दुसऱ्या गोळ्यांची जोड मिळाली आणि सलाइनं १४ वर आली. आणि आता गोळ्या, दहा दिवस, जेवणाबरोबर. १९९८ मध्ये या रोगाचे जवळपास ३८ हजार रुग्ण नोंदले गेले होते, २०१८ मध्ये हजाराच्या आत. सरकारांनी माशांवर नियंत्रण ठेवलं, गावोगाव रक्ततपासणी झाली, युद्धं थोडी शमली, त्या सगळ्याचा यात वाटा आहे. पण ऑस्लोच्या त्या रकमेचा धागा इथवर येऊन पोचतो.

गोळी मुंबईची

दुसरा धागा थेट आपल्या दारात येतो. २००० च्या आसपास एचआयव्हीवर तीन औषधांचा एकत्रित उपचार निघाला होता आणि श्रीमंत देशांतली माणसं त्यावर जगू लागली होती. वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत मात्र गावंच्या गावं रिकामी होत होती. तिथं हा उपचार चालणार नाही, असं भल्याभल्यांचं मत होतं. गोळ्या महाग, आणि लोकांना वेळेवर घेता येणार नाहीत, ही दोन कारणं देत असत.

मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एमएसएफला देकार दिला: माणशी वर्षाला ३५० डॉलर. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. हे जमलं ते आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. वेगळ्या पद्धतीनं तेच औषध करायला भारतीय रसायनशास्त्रज्ञांना मुभा होती आणि त्यांनी तीस वर्षांत ते कसब अंगी बाणवलं होतं.

हा देकार सिप्लानं आधी, २००० च्या सप्टेंबरात, ब्रसेल्सच्या एका परिषदेत जास्त किमतीला मांडला होता. तेव्हा फारसं कुणी हललं नव्हतं. भारतीय कंपनीची स्वस्त गोळी म्हणजे नक्कल, तिचा भरवसा काय, अशीच सगळीकडची भावना. मग नोबेल मिळालेल्या डॉक्टरांची संस्था पुढे आली आणि म्हणाली, आम्ही ही औषधं घेऊ. चित्र पालटायला त्यानं मोठा हातभार लागला. पुरस्कार मिळालेल्या संस्थेचा शब्द इथं दुसऱ्याच्या पाठीशी उभा राहिला. आमच्या निवड समितीत आम्ही संस्थांना ‘तुमची शिफारस कुणी केली’ असं विचारतो. ‘तुमचं नाव झाल्यावर तुम्ही कुणाची शिफारस केलीत’ हे विचारायचं आमच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

श्रेय एकट्या एमएसएफचं नाही. दक्षिण आफ्रिकेत ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन ही रुग्णांची आणि कार्यकर्त्यांची चळवळ रस्त्यावर होती. ३९ औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारवर स्वस्त औषधांच्या कायद्यावरून खटला भरला होता, तो त्यांना एप्रिल २००१ मध्ये मागे घ्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या दवाखान्यात एमएसएफनं रुग्णांना हा उपचार द्यायला सुरुवात केली. गोळ्या वेळेवर घेता येणार नाहीत म्हणणाऱ्यांना त्या वस्तीतल्या बायाबापड्यांनीच उत्तर दिलं.

नाही म्हणणं

नाव झालेल्या संस्थेकडे पैसा आपसूक येतो. अशा वेळी ती कशाला नकार देते हे मी बघतो.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. जगभरातून देणग्यांचा पूर लोटला. आठवडाभरात एमएसएफनं जाहीर केलं की त्सुनामीसाठी आम्हाला करता येईल तेवढ्या कामापुरता पैसा जमलाय, आता त्या नावानं देऊ नका. ज्यांनी दिले होते त्यांना पत्रं पाठवून विचारलं, तुमचे पैसे इतर संकटांसाठी वापरू का? क्षेत्रातल्या काही जणांना हे आवडलं नाही, देणगीदारांचा उत्साह मावळेल अशी त्यांची भीती होती. मला हा निर्णय अतिशय सच्चा वाटतो. किल्लारीच्या भूकंपानंतर आलेल्या कपड्यांच्या आणि ब्लँकेटांच्या थप्प्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना, पुरे झालं हे सांगायला किती धैर्य लागतं ते कळेल.

जून २०१६ मध्ये त्यांनी युरोपीय संघ आणि त्याच्या सदस्य देशांचा निधी घेणं बंद केलं. निर्वासितांना तुर्कस्तानात अडवून ठेवण्याचा करार युरोपनं केला होता, त्याचा हा निषेध होता. आदल्या वर्षी त्यांना या मार्गानं ५ कोटी ६० लाख युरो मिळाले होते. हे परवडलं, कारण उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जगभरातल्या लाखो सामान्य देणगीदारांकडून येतो. दहा-वीस युरो देणारी ती माणसं मागे नसती तर नोबेल असूनही हा नकार देता आला नसता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूमोनियाच्या लशीचे दहा लाख डोस एका मोठ्या कंपनीनं फुकट देऊ केले आणि संस्थेनं ते नाकारले. इथं मी बराच काळ अडखळलो. पोरांना मिळणारी लस फिरवायची? त्यांचं म्हणणं असं की दान कंपनीच्या मर्जीनं येतं आणि जातं, आम्हाला सगळ्यांसाठी कमी किंमत हवी. महिनाभरात कंपनीनं मदतसंस्थांसाठी किंमत उतरवली. हिशेब बरोबर ठरला. पण किंमत उतरली नसती तर? त्या मधल्या महिन्यात जी पोरं होती त्यांचं काय? या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे झटकन असतं त्यांच्याशी माझं जमत नाही.

पदक ढाल होत नाही

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. साथ हाताबाहेर गेलीय असं एमएसएफ जूनपासून ओरडून सांगत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ती ऑगस्टमध्ये. त्या साथीत संस्थेच्या २८ कर्मचाऱ्यांना लागण झाली, १४ दगावले. त्या कामासाठी सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानातल्या कुंदुझ शहरात संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकन लढाऊ विमानानं तासभर मारा केला. रुग्णालय नेमकं कुठं आहे हे संस्थेनं सगळ्या बाजूंना आधीच कळवून ठेवलं होतं. ४२ माणसं गेली, त्यांतले २४ रुग्ण, १४ कर्मचारी, चौघं रुग्णांजवळचे नातलग. काही रुग्ण खाटेवरच जळाले. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन करून माफी मागितली. दोघांच्याही भिंतीवर शांततेचं नोबेल. संस्थेनं मागितलेली स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी झाली नाही.

आणि संस्था आतून निर्मळ आहे असंही समजू नये. २०१७ या एका वर्षातली लैंगिक छळाची आणि शोषणाची २४ प्रकरणं तिनं स्वतः जाहीर केली. कर्मचाऱ्यांना बडतर्फ केलं. २०२० मध्ये आजी-माजी हजारेक कर्मचाऱ्यांनी निवेदन काढून संस्थेच्या रचनेतच वंशभेद मुरलाय असं म्हटलं. काम करणारे बहुसंख्य स्थानिक, निर्णय घेणारे मात्र युरोपातले, पगार आणि सुरक्षेतही फरक. पुढारलेल्या संस्थांच्या मुख्यालयात आणि पाड्यावर काम करणाऱ्यांत हा फरक आपल्याकडेही दिसतो. साक्ष हे ज्यांचं ब्रीद, त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच माणसांनी साक्ष दिली. संस्थेच्या नेतृत्वानं ती नाकारली नाही, पण सुधारणा संथ आहे.

गोवंडी

एमएसएफ मुंबईत २००६ पासून काम करत आली, पुढे गोवंडीत तिचा दवाखाना होता. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरापाशी वसलेला हा भाग. एकेका खोलीत सात-आठ माणसं, दोन इमारतींमध्ये हात पसरायला जागा नाही, ऊन आत येत नाही. औषधांना दाद न देणारा टीबी इथं घरटी फिरतो. जुन्या उपचारात दोन वर्षांत सुमारे १४ हजार गोळ्या, वर कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनानं अनेकांचे कान कायमचे जात. जीव वाचला, पण आईची हाक ऐकू येत नाही.

बेडाक्विलिन हे नवं औषध आल्यावर ती इंजेक्शनं टळू लागली. पण पेटंट एका परदेशी कंपनीकडे, आणि मूळ पेटंटची मुदत संपण्याआधी तिनं त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरा अर्ज लावला होता. तो मंजूर झाला असता तर स्वस्त भारतीय गोळी २०२७ पर्यंत अडली असती. या अर्जाविरुद्ध हरकत घेतली ती टीबीतून वाचलेल्या दोन तरुणींनी. एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची. दोघींचीही श्रवणशक्ती टीबीच्या औषधानं गेली होती. एमएसएफ त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत जवळपास निम्म्यावर आली, आणि गोळी पुरवणाऱ्यांत पुन्हा मुंबईची कंपनी होती.

आमच्या निधीच्या अर्जात यंदा आम्ही एक रकाना वाढवला: ‘पुरस्काराच्या रकमेचं आणि नावाचं काय केलंत?’ पहिल्या चार अर्जांत तो कोरा आला. पाचवा अर्ज एका आदिवासी तालुक्यातल्या छोट्या संस्थेचा. त्यात दोन ओळी होत्या. पंचवीस हजारांतून बाळांचं वजन करायचे काटे घेतले, चार पाड्यांना दिले. आणि सत्काराला आलेल्या तहसीलदारांकडून शेजारच्या पाड्यावर, जिथं आमचं काम नाही, हातपंप मंजूर करून घेतला.

पुढच्या महिन्यात मी त्या पाड्यांवर जाऊन येणार आहे.